पहिली जुनी गाडी घेताना: इंजिन शेवटी बघ, आधी कागद आणि चासी

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका पोराने विचारलंय. वय २१, आजवर फक्त घरची स्कूटी चालवलेली, गिअरच्या गाडीला हात लावलेला नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम मिळालंय, तेही सेकंड शिफ्टला. जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर होणार. जवळ ४५ हजार रुपये आहेत. चंदगडकडचा एक ओळखीचा माणूस पल्सर २२० चाळीस हजारांत देतोय. एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचं पासिंग आहे आणि "इंजिन एक नंबर आहे" असं तो सांगतोय. घेऊ का, काका?

नको घेऊस. का नको ते नीट सांगतो, कारण याच चुकीने फसलेली पोरं माझ्या गॅरेजला दर महिन्याला येतात.

"इंजिन एक नंबर" हे वाक्य जुनी गाडी विकणारा प्रत्येक जण बोलतो, आणि घेणाराही पहिल्यांदा इंजिनच बघतो. किक मारली, आवाज ऐकला, रेस केली, झालं. मी २६ वर्षं पाना हातात धरलाय, म्हणून खात्रीने सांगतो: जुन्या गाडीत सगळ्यात कमी भीती इंजिनाची असते. १०० सीसीच्या गाडीचं हाफ इंजिन, म्हणजे बोअर-पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, हे सगळं साधारण पाच-सात हजारांत होतं. बेळगाव हे लेथचं गाव. रिबोअर, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून घासून घ्यायला, इथे कुणाला लांब जावं लागत नाही, आणि स्प्लेंडरचा पिस्टन तर खानापुरातही मिळतो. इंजिन बिघडलं तर किती पैसे जाणार हे आधीच सांगता येतं. वाकलेल्या चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, तसं नाही. ती कितीही सरळ केली तरी गाडी एका बाजूला ओढतच राहते. आणि कागद बिघडलेले असतील तर माझ्याकडचा कुठलाच पाना तिथे बसत नाही. म्हणून बघायचा क्रम आधी कागद, मग चासी, मग ब्रेक-टायर, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

आता त्या पल्सरचं. गाडी वाईट नाही, पण तुझ्यासाठी नाही. दीडशे किलोच्या वर वजन आणि वीस-एकवीस हॉर्सपॉवर. स्प्लेंडर एकशे दहा-बारा किलोची आणि आठच्या आसपास हॉर्सपॉवरची. नवशिक्याला हा फरक वेगात जाणवत नाही, थांबताना जाणवतो. रेल्वे गेटला रांगेत उभा आहेस, पुढचा रिक्षावाला जरा मागे सरकला, तुला पाय टेकून गाडी चार इंच मागे घ्यायची आहे, आणि पाय वाळूवर घसरला. हलकी गाडी तू पेलून धरशील, जड गाडी तुला घेऊन पडेल. शिकाऊ माणसाची पहिली पडझड बहुतेक वेळा अशीच उभ्या गाडीवर होते. म्हणून गाडीवर बसून आधी दोन्ही पायांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का बघ. चवडेच टेकत असतील तर ती गाडी सोड, मग ती कितीही स्वस्त असो.

तुझ्या रोजच्या पन्नास किलोमीटरला स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना किंवा १२५ ची शाइन यांतली एक पुरते. रस्ता महामार्गाचा आहे, मागून मोठ्या गाड्या जोरात येतात, त्यामुळे माझा कल शाइनकडे जास्त आहे. १०० सीसीची गाडी साठच्या पुढे दमते, १२५ ला थोडी ताकद राखून राहते. गिअरची एक गोष्ट लक्षात ठेव. स्प्लेंडरचे सगळे गिअर पायाने पुढे दाबत पडतात. पल्सरसारख्या गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. ज्या पद्धतीवर हात बसेल त्याच पद्धतीची गाडी घे. शिकायला मित्राची एका पद्धतीची आणि विकत दुसऱ्या पद्धतीची, असं झालं की घाईच्या वेळी पाय चुकतो.

साल कुठलं घ्यावं हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२० या एका वर्षात तयार झालेली बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी नियमाचा चौथा टप्पा) गाडी शोध. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय) सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवशिका घाबरला की फक्त पायाचा ब्रेक दाबतो आणि मागचं चाक घसरतं. तिथे हा जोड ब्रेक कामाला येतो. त्याच तारखेपासून उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीतूनच बसून यायला लागली, तीही कटकट वाचते. पुढे एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजेक्शनची गाडी चांगली असते, पण तिचा सेन्सर गेला की स्कॅनर असलेलं गॅरेज लागतं. कार्बोरेटरची गाडी नंदगडचा किंवा जांबोटीचा मेस्त्रीही अर्ध्या तासात साफ करून देतो. म्हणजे त्या एका वर्षाच्या गाडीत नवा ब्रेक आणि जुना कार्बोरेटर दोन्ही मिळतात. शिवाय पासिंग १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०३४ पर्यंत तुला नूतनीकरण नाही. २०११-१२ ची गाडी घेतलीस तर थोड्याच काळात ते काम तुझ्याच गळ्यात येणार.

रात्री परतणार आहेस, म्हणून हेडलाइटकडे खास बघ. बऱ्याच जुन्या १०० सीसी गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही, इंजिनासोबत फिरून वीज करणाऱ्या मॅग्नेटोवर थेट चालतो. रेस कमी झाली की उजेडही कमी होतो. म्हणजे खड्डा चुकवायला तू गाडी हळू केलीस की नेमका तेव्हाच खड्डा दिसत नाही. गाडी बघायला गेल्यावर लाइट लावून, रेस पूर्ण सोडून, भिंतीवरचा उजेड बघ. तुझ्या रस्त्याला गळिताच्या हंगामात उसाचे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे लाल दिवाही नसतो. आतल्या रस्त्यावर गवा आडवा येतो. मंद लाइटची गाडी तू घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

आता कागद. आपल्या सीमाभागात हा विषय बाकीच्यांपेक्षा अवघड आहे. बेळगावची केए २२, चिकोडीची केए २३, गोकाकची केए ४९, आणि तासाभरावर एमएच ०९. सोयरीक दोन्हीकडे, त्यामुळे गाड्याही दोन्हीकडून फिरतात. "पाहुण्यांची गाडी आहे, नाव नंतर चढवू" असं म्हणून वर्षानुवर्षं चालवलेल्या गाड्या मी बघतो. कायदा असा आहे: दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते. मग इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७. तिकडे भरलेला टॅक्स इथे चालत नाही, गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा लाइफ टॅक्स पुन्हा भरावा लागतो. हे सगळं धरलं तर चाळीस हजारांची पल्सर चाळीस हजारांची राहत नाही. नवीन माणसाने पहिली गाडी इथल्याच पासिंगची घ्यावी. ओळखीत एमएच ०९ ची उत्तम गाडी निघालीच, तर एनओसी काढून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ती हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

इथल्या गाडीचं सोपं आहे. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, ज्याला सगळे टीटी फॉर्म म्हणतात, त्यावर आरसीवरच्या मालकाची सही. मालकाची, दलालाची नाही. मधला माणूस कोरा सही केलेला टीटी पुढे करतो आणि म्हणतो, मालक परगावी आहे. अशा वेळी मालकाशी फोनवर तरी बोल आणि आरसीवरचं नाव त्याच्या आधारशी ताडून बघ. मालक वारलेला असेल तर वारसाच्या नावावर गाडी आधी झाली पाहिजे, मग तुझ्या. ३० दिवसांत नाव चढवून घे. विकणाऱ्यालाही यात घाई असायला हवी, कारण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की कागदावर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. हे त्याला समजावून सांग. जो प्रामाणिक आहे तो लगेच तयार होतो.

आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का तेही बघ. असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. हे मी स्वतः भोगलंय. २००४ साली मी एका दलालाकडून गाडी घेतली. आरसी नवी-कोरी दिसत होती, मी आत वाचलंच नाही. आठ महिन्यांनी दोन माणसं आली आणि दारातून गाडी घेऊन गेली. हप्ते पहिल्या मालकाचे थकले होते. त्या वेळी माझी वर्षभराची बचत त्यात होती. आता एमपरिवहन ॲपवर नंबर घातला की बोजा, इन्शुरन्स, फिटनेस दोन मिनिटांत दिसतं. चलनं बाकी आहेत का तेही बघ, आणि सीमेवरची गाडी असेल तर दोन्ही राज्यांची बघ. खरेदीचा बाँड कन्नडमध्ये असेल आणि तुला वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत ने. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नको.

चासी नंबर डोळ्यांनी वाचून सोडू नको. पातळ कागद नंबरावर ठेव आणि पेन्सिल घास. घासून पुन्हा मारलेला नंबर असेल तर मागच्या रेघा कागदावर उमटतात, अक्षरं वरखाली दिसतात. ही पेन्सिल प्रिंट घरी आण आणि आरसीशी एकेक अक्षर जुळव. इंजिन नंबरही तसाच.

मग चासी. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळव. फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) टी जिथे जाऊन टेकतो तिथे चासीवर एक छोटी लोखंडी गुट्टी असते. समोरून जोरात ठोकलेल्या गाडीत ती गुट्टी चेपलेली असते किंवा तिचा रंग फुटलेला असतो. रंगकाम करणारे टाकी चमकवतात, या गुट्टीकडे कुणी बघत नाही. मी गाडी बघायला गेलो की पहिलं तिथे वाकतो. टाकीखाली, हँडलच्या नळीजवळ वेल्डिंगच्या जागा बोटाने चाचप. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं असतं, गल्लीतलं फुगीर असतं. पुढे, एक लांब दोरी घे. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी टेकवून ती पुढच्या चाकापर्यंत ताणून आण. हँडल सरळ धरलं की पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. एकीकडे जास्त, एकीकडे कमी, तर चासी किंवा स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वाकलेला आहे. अशी गाडी पाच हजार कमी करून दिली तरी घेऊ नको. क्लचच्या लिव्हरचं टोक घासलंय, सायलेन्सरला ओरखडा आहे, एवढ्याने मात्र घाबरू नको. उभी गाडी एकदा तरी सगळ्यांचीच पडते.

आपल्या भागात आणखी एक भीती आहे, ती म्हणजे पुरात बुडालेली गाडी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात निपाणी, चिकोडी, गोकाक इकडे आणि कोल्हापूर, सांगली तिकडे हजारो गाड्या पाण्यात होत्या. मी जे साल शोध म्हणालो, त्या सालच्या गाड्यांनाही यातला एखादा पूर लागलेला असू शकतो. धुऊन, ऑइल बदलून त्या बाजारात आल्या. ओळखायचं कसं? हेडलाइटचा डोम उघडायला लाव आणि आत बघ, गाळाची बारीक पिवळट पूड कोपऱ्यात राहतेच. सीटखाली वायरिंगच्या काळ्या नळीत बोट घाल. मीटरच्या काचेला आतून धुकं आहे का बघ. चेन कव्हर आणि साइड पॅनलच्या आत, जिथे पाण्याचा फवारा पोचत नाही, तिथे वाळलेला चिखल शोध. इंजिन ऑइल दुधी किंवा राखाडी दिसलं तर आत पाणी आहे. बुडालेल्या गाडीचं इंजिन सुधारता येतं, पण वायरिंग हळूहळू सडतं. पहिल्या वर्षी हॉर्न, दुसऱ्या वर्षी इंडिकेटर, आणि मग एका रात्री पावसात सगळीच गाडी बंद.

गोव्याच्या गाडीबद्दलही पोरं विचारतात. चोर्ला घाटातून येते, स्वस्त असते, दिसायला छान. पण समुद्राच्या खाऱ्या हवेने तिचे स्पोक, सायलेन्सरची खालची बाजू, स्टँडचे जोड गंजलेले असतात, आणि परराज्याचे कागदही आलेच. तुझ्यासाठी नको.

आता राहिलं इंजिन. मालकाला आदल्या दिवशीच सांग की मी यायच्या आधी गाडी चालू करू नको. गेल्यावर इंजिनाला हात लाव. गरम असेल तर तासभर थांब, कारण गाडीचे बरेच दोष थंड असतानाच बाहेर येतात. दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायला हवी. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. काळा म्हणजे कार्बोरेटर बिघडलाय, ते स्वस्तात होतं. गाडी चालवताना रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेटी संपल्या. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढ. दात अर्धा उघडा पडला तर चेन किट बदलायचं. मीटरवरचा आकडा मी मोजतच नाही, तो फिरवता येतो. गिअर लिव्हरचं रबर आणि ब्रेकचं पॅडल बघ. वीस हजार किलोमीटरच्या गाडीचं पॅडल गुळगुळीत होत नाही. टाकीच्या तोंडातून टॉर्च मारून आत गंज आहे का बघ. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. खानापूरकडच्या पावसात महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीच्या तळाला पाणी आणि गंज मिळण्याची शक्यता मोठी.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं, पावसात पकडत नाही. असा टायर असेल तर दोन्हीचे पैसे किमतीतून कमी करून माग.

तुझ्या ४५ हजारांची वाटणी मी अशी करीन. गाडीला ३२ ते ३४ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. उरलेल्यातून नाव चढवणं, इन्शुरन्स, ऑइल, ब्रेक लायनर, केबली, गरज पडली तर टायर. जुन्या मालकाचा इन्शुरन्स चालू असला तरी १४ दिवसांत तो तुझ्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळव. आणि आयएसआय शिक्क्याचं नवं हेल्मेट, दीड-दोन हजारांचं. हेल्मेट कुणाचं जुनं वापरू नको, ते आधी आपटलंय का हे बाहेरून कळत नाही. एवढ्या पैशात २०१९-२० ची शाइन नाही मिळाली तर त्याच सालची स्प्लेंडर किंवा प्लॅटिना घे. साल आणि कागद सोडून मोठ्या गाडीकडे वळू नको.

गाडी शोधायच्या आधी एलएल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढ. त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, तेवढा एक महिना गाडी शोधायला लागतोच. तोवर ट्रायल तू घ्यायची नाहीस. जाणता माणूस चालवेल आणि तू मागे उभा राहून बघशील, गाडी सरळ जाते की खेकड्यासारखी तिरकी. टोकन हजार-दोन हजारांच्या वर देऊ नको, आणि त्याचीही चिठ्ठी लिहून घे. तीन-चार गाड्या बघून एक पक्की वाटली की मला कळव. सकाळी सातला मी येतो, दोरी आणि पेन्सिल माझ्याकडे असते. मालकाला फक्त एवढं सांगून ठेव की गाडी धुऊन ठेवू नको आणि किक मारून ठेवू नको.